पाहून लिहिता येते, पण वाचता येत नाही : पहिली ते चौथीच्या वाचन-लेखनाविषयी

फळा-खडू (यवतमाळ जिल्हा)

प्राथमिक शाळेत वाचन-लेखन ज्या रीतीने शिकवले जाते त्यातील एका सवयीविषयी चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. ती सवय म्हणजे पाहून लिहिणे, म्हणजेच अनुलेखन. माझे म्हणणे असे आहे की पहिली-दुसरीत मुलांकडून जे लेखन करून घेतले जाते त्याचा मोठा भाग लेखन नसतोच, आणि मुलाला वाचता येत नाही ही गोष्ट तो आपल्यापासून झाकून ठेवतो.

तिसरीच्या वर्गातील कोणतीही वही उघडावी. पाने भरलेली असतात, वळण चांगले असते, समास सोडलेला असतो आणि खाली लाल शाईची सही असते. त्याच मुलाला पाठ्यपुस्तकाबाहेरच्या चार ओळी वाचायला दिल्या की ते पहिल्या जोडाक्षरापाशी अडते, दुसऱ्यापाशी अंदाज करू लागते आणि तिसऱ्या ओळीत शिक्षकाच्या तोंडाकडे पाहते. फळ्यावरचा 'विहीर' हा शब्द उतरवून घेताना मुलाला तो वाचावा लागत नाही. डोळा वेलांटी पाहतो, हात तशी वेलांटी काढतो, आणि त्या खुणेचा तोंडातल्या आवाजाशी काही संबंध आहे हे ध्यानात न येताही शब्द बिनचूक उतरतो. फळा झाकून तोच शब्द तोंडी सांगितला म्हणजे कोणाला वाचता येते आणि कोण नुसते चित्र काढत होते हे लगेच कळते.

देशपातळीवरचे चित्र काही फार वेगळे नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २३.४ टक्के होती. हेच प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते आणि शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ते १६.३ टक्क्यांवर आले होते. म्हणजे घसरण भरून निघाली, थोडी सुधारणाही झाली, तरी चारांतली तीन मुले मागेच आहेत. त्या मुलांच्या वह्या मात्र कोऱ्या नसणार, याची मला खात्री आहे.

आपल्याच विदर्भात या विषयाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि त्यातून झाकिर हुसेन समिती व पुढे नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण देण्याची पद्धत, उभी राहिली, हे आपण डी.एड.ला परीक्षेपुरते वाचतो. गांधीजींचा आग्रह असा होता की लहान मुलाला अक्षरे गिरवायला बसवण्याची घाई करू नये. त्याने आधी चित्रे काढावीत, वाचन लेखनाच्या आधी यावे आणि अक्षराकडे त्याने चित्रकाराच्या नजरेने पाहावे. आपण नेमके उलट करतो. जूनच्या अखेरीस आपल्याकडच्या शाळा उघडतात आणि पोळ्यापर्यंत पहिलीच्या मुलाने वहीची कितीतरी पाने 'ग म भ न' गिरवून भरलेली असतात, पण एकही अर्थपूर्ण वाक्य त्याने ना वाचलेले असते ना लिहिलेले.

तेव्हा प्रश्न असा. अनुलेखन कमी करून मुलाने पहिलीपासून स्वतःच्या मनातले, स्वतःच्या बोलीत, चुकतमाकत का होईना, लिहावे असा बदल आपल्या शाळांत करता येईल काय? कोणी केला असल्यास अडचणींसह लिहावे.

जुना_केंद्रप्रमुख (बुलढाणा जिल्हा)

विषय चांगला काढला आहे, परंतु मला काही हरकती नोंदवायच्या आहेत. मी निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारा, आहे, त्यामुळे माझे बोलणे जुन्या वळणाचे वाटेल, त्याला इलाज नाही.

पहिली हरकत अशी की अक्षरे पक्की झाल्याशिवाय मुलाने 'मनातले' लिहायचे म्हणजे कशाने लिहायचे? मराठीची लिपी ही अक्षरांची लिपी आहे. व्यंजने, स्वरचिन्हे आणि त्यांवर जोडाक्षरे असा पसारा आहे. एकट्या 'र'ची रूपे पाहा : 'सूर्य' मध्ये तो डोक्यावर जातो, 'चक्र' मध्ये पोटात तिरपा होतो, 'राष्ट्र' मध्ये खाली टोपीसारखा बसतो आणि 'सुऱ्या' मध्ये आडवा होतो. एवढे सगळे पद्धतशीर शिकवायला वेळ लागतो, सराव लागतो आणि सरावाला वही लागते. आमच्या पिढीने बाराखडी घोकली, पाढे घोकले, धुळाक्षरे गिरवली, आणि आम्ही वाचायला शिकलो.

दुसरी हरकत व्यवहाराची आहे. पाहणीला येणारा अधिकारी वर्गात फार तर अर्धा तास थांबतो. प्रत्येक मुलाचे वाचन ऐकण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो, म्हणून तो वह्या पाहतो. पालकही वहीच पाहतात. वही अर्धी कोरी दिसली तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत शिक्षकालाच प्रश्न विचारले जातात. शिक्षक वह्या भरून घेतात ते आळसाने नव्हे, त्यांच्या कामाचा पुरावा म्हणून दुसरे काही मागितलेच जात नाही म्हणून.

फळा-खडू

सर, आपली दुसरी हरकत मला पूर्ण मान्य आहे आणि तिच्याकडे मी पुढे येतो. पहिलीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण माझा आक्षेप अक्षरे शिकवण्यावर नाही, ती ज्या क्रमाने आणि ज्या एकाकीपणे शिकवली जातात त्यावर आहे.

'ग म भ न' हा क्रम आकाराच्या सोयीने बसवलेला आहे. हाताला वळण लागावे यासाठी तो चांगलाच आहे. परंतु वाचनाच्या दृष्टीने त्यातून मुलाच्या हाती काय लागते? 'नग', 'मग', 'नभ', 'गमन'. सगळी व्यंजने संपेपर्यंत काना-मात्रा येत नाहीत, आणि काना-मात्रांशिवाय मराठीत मुलाच्या कामाचा शब्द क्वचितच तयार होतो. त्याऐवजी पहिल्या गटातच क, म, र, ल ही चार व्यंजने आणि त्यांच्याबरोबर काना व दुसरी वेलांटी एवढेच घेतले तर काका, काकी, मामा, मामी, मका, लाल, काम, करा, मारा असे शब्द लगोलग तयार होतात आणि 'काकी, काम करा' हे वाक्य मूल स्वतःच्या बळावर वाचू शकते. हा काही माझा शोध नव्हे. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी सुरू केलेली प्रगत शिक्षण संस्था आणि पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथील 'क्वेस्ट' यांसारख्या संस्थांनी मराठीतील सुरुवातीच्या वाचनावर कित्येक वर्षे काम केलेले आहे, आणि अक्षरगट करून लगेच शब्द व वाक्यांकडे जाण्याचा मार्ग आता बऱ्याच शिक्षकांच्या ओळखीचा आहे.

बाराखडीच्या घोकंपट्टीतली एक अडचण आपणही पाहिली असेल. मुलाला 'के' वाचायला सांगितले की ते मनातल्या मनात 'क का कि की कु कू' असे म्हणत तिथपर्यंत पोहोचते. त्याला चाल पाठ असते, चिन्ह आणि आवाज यांची जोडी पाठ नसते. एका शब्दात तीन स्वरचिन्हे असली म्हणजे तीनदा बाराखडी म्हणावी लागते आणि तोवर शब्दाचा आरंभ विसरलेला असतो. त्यात पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि उच्चारली जाते नंतर. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकत्याच शिकलेल्या मुलाला हा उलटा प्रकार समजावून द्यावा लागतो, गिरवून तो समजत नाही.

अक्षरलिपी शिकायला वेळ लागतो हे आपले म्हणणे मात्र संशोधनालाही धरून आहे. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर जे काम केले त्यातून असे दिसते की अक्षरांवरचे प्रभुत्व चौथीपर्यंत हळूहळू वाढत राहते. परंतु याचा अर्थ उलटाही निघतो. अक्षरे पुरी व्हायला चार वर्षे लागणार असतील, तर तोवर अर्थपूर्ण वाचन-लेखन थांबवून ठेवणे परवडणारे नाही. दोन्ही एकत्रच चालवावे लागेल.

वऱ्हाडची_बाई (अकोला जिल्हा)

मी दुसरीला शिकवते. मुलांना मनातले लिहू द्यावे या मताची मी आहे आणि तसे करूनही पाहते, म्हणून त्यातला जो प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटतो तो येथे मांडते.

मूल मनातले लिहू लागले की ते आपल्या बोलीत लिहिते. माझ्या वर्गातील एका मुलीने लिहिले होते, 'माही माय कापूस येचून राह्यली.' दुसऱ्याने 'मले पानी पायजे' असे लिहिले. कोणी 'डोया' लिहितो, कोणी 'काया'. लाल पेन हातात घेऊन बसलेल्या माणसाला या वाक्यांत शब्दागणिक चूक दिसेल. पण नीट पाहिले तर त्या मुलीने आपल्या उच्चारातील प्रत्येक ध्वनी ओळखून त्याला योग्य ते अक्षर दिलेले आहे. 'राह्यली' मधले जोडाक्षर तिला कोणी फळ्यावर लिहून दिले नव्हते. घरी 'ळ'च्या जागी 'य' आणि 'ण'च्या जागी 'न' ऐकणाऱ्या मुलाने 'डोया' व 'पानी' लिहिणे म्हणजे त्याला ध्वनी आणि चिन्ह यांचा संबंध कळला आहे. याउलट 'डोळा' हा शब्द पाहून बिनचूक उतरवणाऱ्या मुलाला तो कळला आहे की नाही, हे आपल्याला मुळीच सांगता येत नाही.

म्हणून पहिली आणि दुसरीत मुलांच्या स्वतःच्या लेखनावर मी लाल पेन चालवत नाही. त्याच वाक्याखाली पुस्तकातल्या भाषेतले वाक्य लिहून देते आणि दोन्ही मोठ्याने वाचून घेते. 'आपण घरी असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात' एवढे सांगितले की मुलांना ते पटते, कारण घरी आजीशी एक बोलायचे आणि शाळेत बाईंशी दुसरे, ही सवय त्यांना असतेच. पुस्तके भरपूर वाचली तर प्रमाण रूपे डोळ्यांत बसतात, हा माझा विश्वास आहे.

अडचण येते ती तिसरीत. आमच्या तालुक्यातील एका शाळेत अशाच लेखनाला चाचणीत शून्य गुण दिले गेले आणि त्यानंतर ती मुले लिहायलाच घाबरू लागली. तेव्हा बोलीतून प्रमाण भाषेकडे नेमके केव्हा आणि कसे वळायचे, याविषयी इतरांची मते हवी आहेत.

गाविलगड (मेळघाट)

ताईंचा प्रश्न वऱ्हाडीचा आहे. वऱ्हाडी ही शेवटी मराठीच. आमच्याकडे धारणी-चिखलदऱ्यात पहिलीत येणाऱ्या मुलाची भाषा कोरकू असते, आणि कोरकूचे कूळच वेगळे आहे. ती मुंडा गटातली भाषा आहे. यवतमाळकडची कोलामी आणि गडचिरोलीकडची गोंडी व माडिया या द्राविडी गटातल्या. अशा मुलाला 'ग म भ न' गिरवायला लावले तर ते आनंदाने गिरवते, कारण वर्गात चाललेल्या सगळ्या गोष्टींपैकी तेवढीच त्याला न समजताही करता येते. बाहेरून येणाऱ्या माणसाला वर्ग शिकतो आहे असे वाटते.

आमच्या अनुभवाचा सारांश एवढाच की जी भाषा बोलता येत नाही ती वाचता येत नाही. अक्षरे जोडून शब्दाचा आवाज काढता येईल, पण तो आवाज कशाचा हे मुलाला ठाऊक नसेल तर ते वाचन नव्हे. म्हणून पहिले काही महिने कोरकूत गप्पा, कोरकू गाणी, मग मराठीतली तीच गाणी आणि हातवाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी, असा तोंडी भाषेचा पाया घालावा लागतो. देवनागरीत कोरकू शब्द लिहिले तर मुले अक्षरे लवकर शिकतात, कारण शब्द त्यांच्या ओळखीचा असतो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटलेले आहेच. परंतु आमच्यापैकी किती शिक्षकांना कोरकू येते, हे विचारू नये. गावातली अंगणवाडी मदतनीस किंवा बारावी झालेली एखादी मुलगी वर्गात बसली तर तिच्यामुळे जे साधते ते कोणत्याही प्रशिक्षणाने साधत नाही.

दुसरी गोष्ट हजेरीची. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी डोंगरातून खाली उतरतात आणि होळीला परत येतात. मधले महिने मूल शाळेत नसते. 'अमुक आठवड्यात अमुक अक्षर' असा जो कार्यक्रम वरून येतो तो अशा मुलासाठी निरुपयोगी आहे. ते जिथे थांबले होते तिथूनच त्याला पुढे न्यावे लागते.

रोवणा (गोंदिया जिल्हा)

मी शिक्षक नाही. माझी दोन लेकरे गावच्या शाळेत आहेत, आणि मी धान करतो. माझे दोनच प्रश्न आहेत. पहिला असा की आमच्या गावातून रोज सकाळी व्हॅन भरून मुले तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जातात. तिथे पहिलीतच इंग्रजीच्या वह्या भरलेल्या दिसतात, म्हणून लोक तिकडे पाठवतात. गावच्या शाळेने वह्या भरणे बंद केले तर उरलेली मुलेही जातील, याचा विचार आपण केला आहे काय? दुसरा प्रश्न, ज्या घरात आईबापाला नीट वाचता येत नाही त्यांनी मुलासाठी काय करावे?

फळा-खडू

भाऊ, कॉन्व्हेंटच्या वहीतले इंग्रजीही बहुधा पाहूनच लिहिलेले असते. आपण एक करून पाहावे. व्हॅनने जाणाऱ्या आणि गावच्या शाळेतल्या, अशा दोन्ही मुलांना घरात पडलेला कोणताही छापील कागद द्यावा आणि 'यात काय लिहिले आहे, तुझ्या शब्दांत सांग' असे म्हणावे. कोणती शाळा वाचायला शिकवते ते वहीपेक्षा तिथे कळेल. अशी परीक्षा घ्यायला स्वतः वाचता येण्याचीही गरज नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच थोडे आले. मुलाला रोज थोडा वेळ वाचून दाखवायला सांगावे, आपण ऐकावे आणि मग विचारावे की पुढे काय झाले, तुला काय वाटते. शाळेतून गोष्टीचे पुस्तक घरी आणू द्यावे, फाटेल म्हणून भीती बाळगू नये. शिक्षकांनीही कपाटाला कुलूप लावू नये, हे ओघाने आलेच.

झाडीपट्टी (गडचिरोली जिल्हा)

वाचायला काय द्यावे, याविषयी थोडे. खेड्यात पुस्तके कमी असतात हे खरे, पण मजकूर कमी नसतो. बियाण्याच्या आणि खताच्या पिशव्या, एसटीच्या पाट्या, रेशन दुकानाचा फलक, ग्रामपंचायतीची नोटीस, भजनी मंडळाच्या हाताने लिहिलेल्या वह्या. आमच्याकडे तर दिवाळी झाली की वडशाहून झाडीपट्टीच्या नाटकांची पत्रके गावोगाव येतात. ठळक, रंगीत, नटांची नावे, गावाचे नाव, तारीख, तिकिटाचा दर. चौथीतल्या ज्या मुलाने पुस्तकातला धडा वाचायला कधी तोंड उघडले नाही, तो आपल्या गावच्या नाटकाचे पत्रक अडखळत का होईना शेवटपर्यंत वाचतो, कारण त्यात काय आहे हे त्याला जाणून घ्यायचे असते. आम्ही ती पत्रके भिंतीला लावतो आणि मुलांना तान्ह्या पोळ्याची, शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रके तयार करायला सांगतो. त्यात जोडाक्षरे येतात, अंक येतात, आणि कोणाचे नाव वर टाकायचे यावरून भांडणेही होतात.

पुस्तकांसाठी पैसे नसतील तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला मिळतात. ते मासिक १९७१ पासून निघते, त्यामुळे साठा मोठा आहे. लहान मुलांसाठी 'स्टोरीविव्हर' या संकेतस्थळावर चित्रांच्या मराठी गोष्टी आहेत. छपाईचा खर्च शाळा अनुदानातून किंवा लोकवर्गणीतून भागतो. मोबाइलवर दाखवण्यापेक्षा कागदावर छापून दिलेले बरे, कारण कागद मूल घरी नेते.

जुना_केंद्रप्रमुख

चर्चा चांगली चालली आहे, पण मूळ गोष्ट कोणी बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. अनुलेखन आपल्या शाळांत का टिकले? आपल्या ग्रामीण शाळांपैकी पुष्कळ शाळा द्विशिक्षकी आहेत. कायद्याच्या निकषानेच साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एका शिक्षकाकडे किमान दोन वर्ग, आणि दुसरा शिक्षक निवडणुकीच्या किंवा कसल्याशा माहितीच्या कामावर गेला की चारही. एका वर्गाला शिकवत असताना दुसऱ्या वर्गाने काय करायचे? 'पान बारा पाहून लिहा.' एवढ्या एका वाक्याने अर्धा तास शांतता मिळते. जे काम शिक्षकाशिवाय चालते, आवाज होत नाही, साहित्य लागत नाही आणि शेवटी दाखवायला काहीतरी उरते, असे दुसरे काम आपण सुचवत नाही तोवर अनुलेखन वाईट आहे असे सांगून उपयोग नाही. बहुवर्ग अध्यापन हा अपवाद समजून आपण प्रशिक्षणे आखतो. खेड्यात तोच नियम आहे.

फळा-खडू

सर, आपण अगदी मुळावर बोट ठेवले. हा धागा काढताना मला जे नीट मांडता आले नव्हते ते हेच. तेव्हा आता पर्याय आपण सांगितलेल्या कसोट्यांवरच तपासू : शिक्षकाशिवाय चालणारा, गोंगाट न करणारा, फुकटचा आणि मागे पुरावा ठेवणारा.

आमच्या वर्गात जे टिकले ते असे. ज्यांना अजून अक्षरे येत नाहीत ती मुले चित्र काढतात आणि चित्राखाली येतील ती अक्षरे लिहितात. मी फिरत जाऊन विचारतो, 'हे काय लिहिले?', आणि ते जे सांगतील ते खाली लिहून देतो. ज्यांना शब्द येतात ती मुले याद्या करतात : घरातली माणसे, बाजारातून आणायच्या वस्तू, शेतात दिसणारे पक्षी. यादी हा प्रकार मुलांना फार आवडतो, कारण त्यात वाक्य पूर्ण करण्याचे ओझे नसते आणि आपली यादी शेजारच्यापेक्षा लांब करता येते. पुढच्या मुलांना मी अर्धे वाक्य देतो. 'काल रात्री आमच्या गोठ्यात…' एवढे लिहून सोडले की पुढचे प्रत्येकाचे निराळे येते, त्यामुळे शेजाऱ्याचे पाहून भागत नाही. तिसरी-चौथीची मुले गोष्टी लिहितात, त्यांतल्या निवडक गोष्टी कोऱ्या कागदांच्या घड्या शिवून त्यांची पुस्तके करतो, आणि ती पहिली-दुसरीच्या मुलांनी वाचायची असतात. गावातल्याच कुत्र्याची आणि गावातल्याच नाल्याची गोष्ट, तीही आपल्या ताईने लिहिलेली, म्हणजे वाचायला दुसरे आमिष लागत नाही.

या सगळ्यात अनुलेखन शून्य झालेले नाही. अक्षराच्या वळणासाठी रोज चार-पाच ओळी आम्ही ठेवल्या आहेत, पण त्या ओळी मुलाने आधी वाचून दाखवायच्या आणि मगच लिहायच्या. वाचल्याशिवाय उतरवायचे नाही, एवढा एकच नियम.

वाचन ऐकण्याचे म्हणाल तर सगळ्यांचे रोज ऐकणे अशक्य आहे. रोज पाच मुले धरली तर तीस पटाच्या शाळेत सुमारे आठवड्याने प्रत्येकाची पाळी येते. आठवड्यातून काही तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करतो. अक्षरांवर अडलेली चौथीतली मुलगी त्या वेळी दुसरीतल्या मुलांबरोबर बसते. तिला कमीपणा वाटू नये म्हणून तिला गटाची पुस्तके वाटायचे काम दिले आहे. 'प्रथम' संस्थेची पातळीनुसार अध्यापनाची जी रीत आहे तिच्यापेक्षा हे वेगळे नाही.

गाविलगड

पातळीनुसार गट आम्हीही करतो. कुटुंबाबरोबर बाहेर जाऊन होळीला परतणाऱ्या मुलांसाठी तर दुसरा उपायच नाही. फक्त 'मागे राहिलेल्यांचा गट' हा कायमचा शिक्का होऊ देऊ नये. गट दर महिन्याला बदलले पाहिजेत, नाहीतर मुले स्वतःच आपल्याला त्या नावाने ओळखू लागतात.

साधन_व्यक्ती (नागपूर जिल्हा)

निपुण भारत अभियानाविषयी येथे कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाचे उद्दिष्ट असे आहे की २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे. तिसरीसाठी मिनिटाला किमान साठ शब्द, तेही अर्थासह, असे लक्ष्य राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. प्रत्यक्षात 'अर्थासह' हे गळून पडते आणि घड्याळ उरते. मी असे वर्ग पाहिले आहेत जिथे एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचून घेतला जातो आणि वेग वाढला की तो फलकावर लिहिला जातो. तो उतारा तोवर मुलाला पाठ झालेला असतो.

शिवाय मराठीतला शब्द प्रत्यय लागून लांबत जातो. 'शेतकऱ्यांसाठीसुद्धा' हा मोजणीत एकच शब्द, पण मुलाला त्यात किती अक्षरे उलगडावी लागतात! म्हणून शब्दांच्या वेगाची तुलना भाषाभाषांत करू नये. एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संशोधन संस्थेने मार्च २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांचा जो पायाभूत अध्ययन अभ्यास केला तो वीस भाषांत होता आणि त्यातही प्रत्येक भाषेचे निकष वेगळे ठरवावे लागले. वेग मोजू नये असे मी म्हणत नाही. अडखळत वाचणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरते, त्यामुळे ओघाला महत्त्व आहेच. मात्र उतारा न पाहिलेला असावा आणि वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारावेत. त्यांतला एक असा असावा की ज्याचे उत्तर उताऱ्यात जसेच्या तसे सापडणार नाही.

आणखी एक. कर्नाटकातील यादगीर आणि आपल्याकडील पालघर येथे पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षे मागोवा घेणारा अभ्यास झाला होता, त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. वर्गातला बराचसा वेळ लिपीवर आणि पाहून लिहिण्यावर जातो, मुलांच्या स्वतःच्या लेखनाला आणि अर्थाला फारच कमी मिळतो, हे तिथेही आढळले. म्हणजे फळा-खडू सर जे सांगत आहेत ते फक्त यवतमाळचे नाही.

वऱ्हाडची_बाई

माझा तिसरीचा प्रश्न अजून तसाच आहे, म्हणून पुन्हा विचारते. बोलीतले लेखन कोठवर चालवून घ्यावे?

जुना_केंद्रप्रमुख

ताई, माझे मत स्पष्ट आहे. दुसरीअखेरपर्यंत चालवून घ्यावे, तिसरीपासून दुरुस्ती करून घ्यावी. पुढे मुलाला परीक्षा द्यायच्या आहेत, अर्ज लिहायचे आहेत. प्रमाण भाषा न शिकवणे हाही त्याच्यावर अन्यायच आहे.

फळा-खडू

सर, इयत्तेची रेघ मला पटत नाही. तिसरीत आलेले कितीतरी मूल लेखनात अजून पहिलीतच असते, आणि त्याच्यावर दुरुस्तीचा भडिमार केला तर ते पुन्हा पाहून लिहिण्याच्या सुरक्षित जागी जाऊन बसेल. मी असे करतो की मूल न थांबता पाच-सहा वाक्ये लिहू लागले की मग दुरुस्ती सुरू करायची, आणि तीही एका वेळी एकाच गोष्टीची. या महिन्यात फक्त 'ण' आणि 'न', पुढच्या महिन्यात 'ळ'. बाकीच्या चुकांकडे तेवढ्यापुरते पाहायचे नाही. संवादातली बोली मात्र कधीही दुरुस्त करायची नाही. गोष्टीतली आजी वऱ्हाडीतच बोलेल.

जुना_केंद्रप्रमुख

हे चालण्यासारखे आहे, फक्त चाचणी तपासणाऱ्याला ते ठाऊक हवे. तेव्हा केंद्रातील शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, हा विषय ठेवावा असे मी आमच्या केंद्रप्रमुखांना सुचवतो. मात्र नुसते भाषण नको. फळा-खडू सर, एकाच मुलाचे जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीतले स्वतःचे लेखन, तारखेसह, अशी तीन पाने चार-पाच मुलांची मला पाठवा, नावे झाकून. पाहणीला येणाऱ्यांना भरलेल्या वहीऐवजी काय पाहायचे ते त्यावरून दाखवता येईल. कापूस वेचणीत जे मूल गैरहजर होते त्याचीही पाने असू द्या.

फळा-खडू

पाठवतो. वऱ्हाडच्या बाईंनीही आपल्या वर्गातली पाठवावीत. 'राह्यली' वाले वाक्य त्यात हवेच.

वऱ्हाडची_बाई

ते पान त्या मुलीने घरी नेले आहे. सोमवारी मागून घेते, आणि पाठवण्याआधी तिच्या आईलाही विचारते.